चार चिठ्ठ्या आणि जळीत कक्ष

पितांबर फिरक्यांच्या दिपमालाचा राग फैजपूरला नवा नव्हता. जन्मली तेव्हा ती रडायच्या ऐवजी सुईणीवर ओरडली, असं तिची आत्या शेवंताबाई देवाच्या फोटोवर हात ठेवून सांगते. नववीत असताना ती बापाबरोबर केळीच्या काट्यावर उभी होती आणि काटेवाल्याने वजनात हात मारला. दिपमालाने त्याला जे सुनावलं त्याची झळ शेजारी उभ्या असलेल्या ट्रकला लागली. दिल्लीला निघालेला तो माल मळ्यातून कापला तेव्हा पोपटासारखा हिरवा होता. सावदा ओलांडताना त्याला पिवळी झाक आली, आणि रावेरला ड्रायव्हरने ताडपत्री उचलली तर आत पिकल्या केळ्यांवर माश्या घोंगावत होत्या. खोटं वाटत असेल तर त्या ड्रायव्हरलाच विचारा. पण तो सापडायचा नाही, कारण तेव्हापासून तो फैजपूरला माल भरायला येतच नाही.

तर अशी ही पोरगी नर्स झाली. चार वर्षं धुळ्याला राहून शिकली, परीक्षा दिली, आणि डिसेंबरात मुंबईहून कौन्सिलचा नोंदणी क्रमांक आला. आला तिच्या मोबाइलवर, पण अर्ध्या तासात तो अख्ख्या गल्लीला पाठ झाला. त्याच आठवड्यात जळगावच्या एका ट्रस्टच्या दवाखान्याने तिला नोकरीवर घेतलं. नेमणुकीच्या पत्रासोबत एक पानी फॉर्म होता. कोणत्या विभागात काम करायला आवडेल? पसंतीप्रमाणे तीन नावं लिहा. कारण लिहा. स्वतःच्या अक्षरात लिहा आणि शुक्रवारी अकरा वाजता मेट्रनबाईंच्या हातात द्या.

दिपमालाला अर्धं मिनिटही लागलं नसतं. तिला जळीत कक्ष हवा होता. भाजलेले पेशंट असतात तो. दुसरं काही तिच्या मनातच नव्हतं. पण तिने एक चूक केली. फॉर्म भरायला ती घराच्या ओट्यावर बसली.

फैजपूरला ओट्यावर बसून माणूस शिंकला तरी समोरच्या घरातून काढा येतो. पहिला आला तिचा काका, तोताराम. आयुष्यभर दुसऱ्यांची सरकारी कामं करून देण्यात त्याचं स्वतःचं एकही काम झालं नव्हतं. तालुक्यात असा शिपाई नव्हता ज्याने तोतारामचा चहा प्यायला नव्हता.

"काय भरू राहिली व?"

"फॉर्म. कोणत्या विभागात काम करायचं ते विचारलंय."

"तुले विचारलं?" तोताराम असा दचकला, जणू रेल्वेने प्रवाशाला विचारलं होतं की गाडी कुठून नेऊ. "मग त्यात काय लिहायचं? ओपीडी. केसपेपरच्या खिडकीमागं आपलं माणूस पाहिजे. अख्खं फैजपूर रांगेत उभं न राहता आत जाईन. नाव निघंल तुझं."

"काका, तिथे नर्स बसत नाही. क्लार्क बसतो."

"तू बसली की बसंल नर्स."

तोवर शेवंताआत्या आली. तिच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू निघाला होता, दुसऱ्याचा राहिला होता, आणि राहिलेल्या डोळ्यानेच ती सगळीकडे लक्ष ठेवत असे. "डोळ्याचा विभाग लिहाय," ती खाली बसता बसताच म्हणाली. "सोच्छ काम. रक्त नाही, घाण नाही. आणि माझा हा डोळा अजून बाकी हाये."

शेजारचे प्रेमराजभाऊ आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जळगावच्या त्याच दवाखान्यात जात. ते भिंतीपलीकडूनच बोलले, "दिपू, डायलिसिस लिही. चार तास पडल्या पडल्या बोलायला घरचं कोणी नसतं. मी येताना डबा आणत जाईन तुझा. रोजचा नाही, मंगळवार-शुक्रवारचा."

दिपमालाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. हे पहिलं लक्षण.

"नोकरी माझी आहे की गावाची?"

"गावाची," तिघं एकदम म्हणाले. प्रेमराजभाऊ भिंतीपलीकडे असूनही त्यांचा सूर चुकला नाही.

"मग तुले काय पाहिजे ते तरी सांग," आत्या म्हणाली.

"जळीत कक्ष."

गल्ली गप्प झाली. समोरच्या घरातला टीव्हीसुद्धा बंद पडला. लाइट गेली होती हे नंतर कळलं, पण त्या वेळी सगळ्यांना वाटलं की टीव्हीने ऐकलं.

"अवं, वास लागतो तो अंगाले!" आत्याने पदर नाकाला लावला, जणू लागलाच होता. "संक्रांतीनंतर सावद्याचे लोक पाहायले येणार हायेत. बायोडाट्यात काय लिहू? पोरगी जळलेल्या माणसांत बसते?"

"सावद्याच्यांना सांग, नाकाला चिमटा लावून या."

"पाहा! हे असं बोलते. याच्यामुळं तर..."

"आत्या, फॉर्म माझा आहे, अक्षर माझं पाहिजे असं लिहिलंय, आणि माणसाची कातडी सोललेली असते तेव्हा तिच्यावर हात ठेवायला मला येतं. तुम्हाला कोणाला येतं का? नाही ना? मग उठा."

कोणी उठलं नाही. पायरीवर पितांबर, तिचा बाप, ठिबकची नळी गुंडाळत बसला होता. हा माणूस केळीच्या बुंध्याशी तासभर बोलत असे आणि माणसाशी दिवसाला चार वाक्यं. त्यातलं एक त्याने आता खर्च केलं.

"खरंच तेच पाहिजे का, बेटा?"

"हो आबा."

"बरं."

दिपमालाने तिन्ही ओळींत जळीत कक्ष, जळीत कक्ष, जळीत कक्ष असं लिहिलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'मला यायचं आहे म्हणून.' पेनाची निब कागदातून आरपार गेली.

इथे संपायला हवं होतं. पण नुसता फॉर्म भरून काम होतं असं मानणारा माणूस फैजपुरात अजून जन्मला नाही. फॉर्म म्हणजे छापील लग्नपत्रिका. ती पोस्टाने येते, आणि तिच्यावर विसंबून कोणी लग्नाला जात नाही. घरी येऊन कुंकू लावून सांगितलं तरच बोलावणं. फॉर्मचं ते कुंकू म्हणजे चिठ्ठी. कोणा मोठ्या माणसाची, त्याच्या सहीची, जमलं तर शिक्क्याची. ती फॉर्मच्या आधी पोचली पाहिजे, आणि पोचवणाऱ्याने ज्याच्यासाठी पोचवली त्याला सांगायचं नसतं. उपकार सांगून केला तर त्याचं वजन कमी होतं. बुधवार आणि गुरुवार दिपमाला ड्रेस शिवून घेण्यात होती. त्या दोन दिवसांत गल्लीतून जळगावला कोण कोण जाऊन आलं, ते तिला कळलं नाही.

शुक्रवारी ती बापाला घेऊन जळगावला गेली. खरं म्हणजे तो मागे लागून आला. धुतलेला पायजमा, डोक्यावर टोपी, हातात डब्याची पिशवी. मेट्रनच्या खोलीबाहेर बाकावर तो पिशवी मांडीवर घेऊन बसला आणि दिपमाला आत गेली.

मेट्रन ज्योत्स्ना बोरसे मूळच्या शिरपूरकडच्या. सव्वीस वर्षं त्या दवाखान्यात होत्या. त्यांच्या चपलांचा आवाज जिन्यावर आला की सलाइनचे थेंब घड्याळाच्या ठोक्यावर पडू लागतात, आणि ऑपरेशन थिएटरात भूल दिलेला पेशंटसुद्धा पाय सरळ करतो, अशी त्यांची ख्याती होती. बाई एरवी ऑफिसातलं शुद्ध मराठी बोलत. राग आला की अहिराणीवर येत, आणि मग डॉक्टरसुद्धा दुसऱ्या जिन्याने जात.

दिपमालाने फॉर्म पुढे केला. बाईंनी तो न बघता बाजूला ठेवला आणि टेबलावर पत्ते मांडावेत तशा तीन चिठ्ठ्या मांडल्या.

"तोताराम फिरके. पुढाऱ्याचा लेटरपॅड. मुलीला ओपीडीच्या खिडकीत बसवावे. शेवंताबाई. पतपेढीच्या चेअरमनची सही. नेत्रविभाग. आणि हे प्रेमराजभाऊ. यांनी कोणाची सही घेतली नाही, स्वतःच लिहिलंय, आज सकाळी मशीनवर असताना. अक्षर बघा. सुई हललीय आणि वेलांटी पार खाटेखाली गेलीय."

दिपमालाच्या कानाच्या पाळ्या पेटल्या. "मॅडम, मला यातलं काही..."

"सव्वीस वरीस व्हयनात माले आठे!" बाईंचा हात टेबलावर आपटला आणि पेनं उडाली. "एक पोरन्या इतल्या चिठ्ठ्या मी कव्हय देख्या नहीत! तुना गावमा बठ्ठा लोके येडा शेतस का?"

"हो, सगळेच येडे आहेत," दिपमाला म्हणाली.

बाईंनी उडालेली पेनं गोळा केली. त्यांना हे उत्तर कोणी दिलं नव्हतं. मग त्या परत ऑफिसच्या मराठीत आल्या, आणि ते जास्त वाईट होतं.

"माझा नियम सगळ्या दवाखान्याला माहीत आहे. ज्या वॉर्डाची चिठ्ठी येते, तो वॉर्ड त्या मुलीला मिळत नाही. सव्वीस वर्षांत एकदाही नाही. ट्रस्टच्या शेठजींच्या नात्यातल्या मुलीला एसीतला डिलक्स वॉर्ड पाहिजे होता, तिला मी हाडांच्या वॉर्डात प्लास्टर भिजवायला लावलं. मोठी मोठी माणसं येऊन बसली या खुर्चीवर. चहा पिऊन गेली."

दिपमालाच्या मनात भराभर हिशेब झाला. ओपीडी गेली. डोळे गेले. डायलिसिस गेलं. म्हणजे येड्या लोकांनी नकळत तिचा रस्ताच झाडून ठेवला होता. आयुष्यात पहिल्यांदा तिला तोताकाकाबद्दल माया वाटली. ती माया साधारण चार सेकंद टिकली.

कारण बाईंनी पेपरवेटखालून चौथी चिठ्ठी काढली. जाड, पिवळसर कागद. वर ट्रस्टचं नाव, खाली खुद्द माणकचंद शेठजींची सही. हा दवाखाना ज्यांच्या आईच्या नावाने उभा होता ते केळीचे व्यापारी माणकचंद शेठजी. बाईंनी वाचून दाखवलं.

"आमच्याकडे तीस वर्षांपासून माल देणारे फैजपूरचे पितांबर फिरके यांच्या कन्येस जळीत कक्ष देण्यात यावा."

दिपमालाला आधी समजलंच नाही. मग समजलं. चिठ्ठी आली म्हणून जळीत कक्षही गेला. आणि तो घालवला होता बाहेर बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या माणसाने.

"पुरुष वॉर्ड, सहा महिने," बाईंनी तिचा फॉर्म उचलून त्यावर लाल रेघ मारायला पेन उघडलं. "नवीन मुलीला तेच चांगलं असतं. दहा प्रकारचे आजार बघायला मिळतात."

दिपमालाने दार उघडलं. दार म्हणजे काय, ते उघडताना भिंतीला लागून परत आलं आणि तिने ते पायाने थांबवलं.

"आबा, आत या."

पितांबरने चपला बाहेर काढल्या आणि आत आला. बाईंना नमस्कार केला. चिठ्ठी टेबलावर उघडी बघून त्याच्या तोंडावर थोडं हसू आलं. आपण केलेलं काम नीट पोचलं की येतं तसं.

"हे तुम्ही केलं?"

"तू म्हटली ना, तेच पाहिजे."

"मी म्हटलं! मी म्हटलं होतं, आबा! मागायचं मला होतं! तीन ओळींत तीनदा लिहिलं होतं मी, कागद फाटेपर्यंत! तुम्हाला वाटलं, माझ्या अक्षराला किंमत नाही, शेठजींच्या सहीला आहे?"

पितांबरने टोपी काढली आणि हातात धरली. "तीस वर्षं माल दिला शेठजीले. भाव पडला तेव्हा नाही मागितलं, बाग आडवी झाली तेव्हा नाही मागितलं. एकदाच तोंड उघडलं."

हे ऐकून दिपमालाचा राग कमी व्हायला हवा होता. तो दुप्पट झाला. कारण तोताकाकावर ओरडता येत होतं, आत्यावर येत होतं, पण तीस वर्षांत एकदाच तोंड उघडलेल्या माणसावर कसं ओरडायचं हे तिला येत नव्हतं. आणि ओरडायचं तर होतंच. म्हणून ती मेट्रनकडे वळली.

"मॅडम, नियम काय तुमचा? चिठ्ठी आणणाऱ्याला तो वॉर्ड नाही. बरोबर? मग पाळा नियम. चिठ्ठी यांनी आणली, यांना जळीत कक्षात बिलकुल घेऊ नका. तोताकाकाला ओपीडीच्या खिडकीत बसवू नका. आत्याला डोळ्यांच्या विभागात ड्युटी देऊ नका. प्रेमराजभाऊंना मशीन लावायला सांगू नका. मी काय आणलं? एक फॉर्म आणला. तो तुम्ही अजून वाचलासुद्धा नाही!"

बाईंनी पेनाला टोपण लावलं. मग फॉर्म वाचला.

"'मला यायचं आहे म्हणून,'" त्या म्हणाल्या. "हे कारण नाही. हा नुसता राग आहे."

"हो. रागच आहे."

"कोणावर?"

दिपमाला उभ्या उभ्याच बोलली. धुळ्याला तिसऱ्या वर्षाला तिची ड्युटी भाजलेल्या बायकांच्या खोलीत होती. मयुरी नावाची एक तेवीस वर्षांची बाई होती, डोंगराच्या पायथ्याच्या गावातली. अकरा दिवस दिपमालाने तिचं ड्रेसिंग केलं. कसं झालं, असं पोलिसांनी विचारलं, डॉक्टरांनी विचारलं, सासूने सगळ्यांच्या देखत विचारलं. मयुरी एकच सांगायची, स्टोव्हचा भडका झाला. अकराव्या दिवशी पट्टी सोडवताना ती हळूच म्हणाली, ताई, आमच्या घरी स्टोव्हच नाही.

"मी ते नोट्समध्ये लिहिलं. तिच्या शब्दांत, वेळ टाकून. वॉर्डाच्या इन्चार्ज म्हणाल्या, खोड. मी खोडलं नाही. दुसऱ्या दिवशी मला लहान मुलांच्या वॉर्डात टाकलं. मला कोणी विचारलं नाही, तुला कुठे जायचंय. चौथ्या दिवशी मयुरी गेली. त्या तीन दिवसांत ती कोणाशी बोलली नाही. मी वर होते, एक जिना वर, आणि मला खाली येऊ दिलं नाही. आता तुम्ही छापील कागदावर विचारलंय, कुठे जायचंय. तर सांगतेय."

पितांबर हे पहिल्यांदाच ऐकत होता. ही गोष्ट घरी कोणाला माहीत नव्हती.

मेट्रनबाई उठल्या. "राग सगळ्यांना येतो, पोरी. गेल्या वर्षी दोघी अशाच रागावून आल्या होत्या. एक महिन्यात गेली, दुसरी दीड महिन्यात. तुला एक सांगते. जळीत कक्षात आरसा नसतो. आम्ही ठेवतच नाही. तोंडाला मास्क लावला की नर्सचे उरतात फक्त डोळे. पेशंटला आरसा तोच. तू जखम बघून घाबरलीस तर त्याला कळतं. तुला कीव आली तर कळतं. आणि तुझ्या तोंडावर तर सगळं फळ्यावर लिहिल्यासारखं दिसतं. चल."

"मी येऊ?" पितांबरने विचारलं.

"तुम्ही नाही. तुमच्या मुलीनेच आत्ता सांगितलं, यांना जळीत कक्षात घेऊ नका."

गाऊन, टोपी, मास्क, हातमोजे. आत तिसऱ्या खाटेवर कौतिकनाना होते. वय बासष्ट. वांगी भाजण्यात या माणसाचा जिल्ह्यात हात धरणारा कोणी नव्हता. दीडशे पानांची भरीत पार्टी असली तरी नाना शेतात पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचा, जाळ करून असं वांगं भाजत की साल आपण होऊन अंगरखा उतरवल्यासारखी निघे. सहा दिवसांपूर्वी पऱ्हाट्या दमट निघाल्या. जावयाला घाई होती. त्याने मोटरसायकलच्या टाकीतलं पेट्रोल काढून ओतलं, आणि नाना वाकून फुंकर मारत होते.

चेहरा आणि दोन्ही हात. हात पट्ट्यांत असल्यामुळे नानांकडे हत्यार म्हणून फक्त तोंड उरलं होतं आणि त्याचा ते पुरेपूर वापर करत होते.

"ही कोण? नवी? शिकायले माझंच तोंड सापडलं का? ये, ये, बस. गावात सांगजो, नानाच्या थोबाडावर हात साफ केला!"

दिपमालाने सलाइनने जुनी पट्टी भिजवायला घेतली. कोरडी ओढली तर नवी कातडी पट्टीबरोबर निघून येते. थांबावं लागतं. ज्या मुलीने आयुष्यात रिक्षासाठी कधी थांबून बघितलं नव्हतं, ती त्या पट्टीची कड सुटायची वाट बघत वीस मिनिटं वाकून उभी राहिली. नानांनी तेवढ्यात तिच्या कुळाचा उद्धार केला, जावयाचा केला, पेट्रोल पंपाचा केला. तिच्या कानाच्या पाळ्या टोपीच्या आत तापल्या. हात तापला नाही.

"आरसा दे," नाना म्हणाले.

"नाही इथे."

"मोबाइल दे. फोटो काढ."

"नाही."

"मग सांग. कसा दिसतो? खोटं नको सांगू. या बठ्ठ्या रोज सांगतात, नाना, मस्त दिसता. मस्त! लग्नाले उभा हाये का मी?"

पलीकडच्या खाटेजवळची सिस्टर मान हलवून नको नको म्हणत होती. मेट्रनबाई पायथ्याशी उभ्या होत्या.

"मिशी नाही," दिपमाला म्हणाली. "भुवया नाहीत. उजवा गाल सगळा लाल आहे, त्याच्यावर पाण्याचे फोड फुटून गेलेत. डावा बरा आहे. ओठ सुजलेत, म्हणून तुमच्या शिव्या नीट कळत नाहीत. नाक जागेवर आहे. आज इतकंच दिसतंय."

नानांचे डोळे तिच्या डोळ्यांवर खिळले, उजवीकडून डावीकडे फिरले, जणू तिथे आणखी काही लिहिलंय का ते शोधत होते. कुठूनतरी खोल आवाज निघाला आणि मग ते रडले. रडताना खारं पाणी जखमेवर उतरलं आणि ते इतक्या जोरात ओरडले की तळमजल्यावर औषधांच्या खिडकीतल्या माणसाने दोनदा सुटे पैसे दिले. दिपमालाने पाणी टिपलं. परत आलं. परत टिपलं. तीही रागावली होती. जावयावर, पेट्रोलवर, रोज मस्त म्हणणाऱ्या सगळ्या बायांवर. नाना ओरडले, ती टिपत राहिली, आणि पट्टीची शेवटची कड अलगद सुटली.

"उद्या हिलेच पाठवजा," नवी पट्टी बांधून झाल्यावर नाना मेट्रनबाईंना म्हणाले. "हिच्यावर ओरडता येते. बाकीच्या दचकतात."

बाहेर येऊन बाईंनी मास्क उतरवला. "तीन महिने. मग बघू. शेठजींना मी कळवते की त्यांची चिठ्ठी मानली नाही. तुझा फॉर्म मानला. ते दोन वेगळे कागद आहेत."

"हो मॅडम."

"आणि ऐक. पाचवी चिठ्ठी आली, रजेची आली, कोणा म्हाताऱ्याच्या खोकल्याची आली, तरी तुला स्टोअरमध्ये चादरी मोजायला बसवीन. समजनं का?"

"समजलं."

परतीच्या बसमध्ये भुसावळ मागे पडलं, तापीचा पूल आला, तेव्हा पितांबरने डबा पुढे केला. तिने घेतला नाही.

"रागावली?"

"हो."

"मिळालं ना पण?"

"मिळालं म्हणून तुमचं बरोबर झालं नाही, आबा. मला विचारायचं होतं."

"विचारलं असतं तर तू नाही म्हटली असती."

"हो! नाहीच म्हटलं असतं!"

"मग कसं विचारू?" पितांबरने अगदी मनापासून विचारलं.

ती खिडकीकडे वळली. बाहेर केळीच्या बागा पळत होत्या. पितांबर म्हणाला, "त्या धुळ्याच्या मयुरीचं तू घरी नाही सांगितलं."

"सांगितलं असतं तर तुम्ही मला शिकू दिलं नसतं."

पितांबरने डबा बंद केला. बहुतेक तिचं खरं होतं. मग त्याने खिशातून मोबाइल काढला. "शेठजीले एक फोन करून सांगू का, की..."

"कोणालाच फोन करू नका!"

अख्खी बस वळून बघू लागली. कंडक्टरने घाईघाईने स्वतःचा मोबाइल खिशात टाकला.

ओट्यावर गल्ली जमली होती. तोतारामने झेंडूचा हार आणला होता आणि आपल्या चिठ्ठीचा मजकूर तो चौथ्यांदा तोंडपाठ म्हणून दाखवत होता.

"ओपीडी ना?" त्याने हार उचलला.

"जळीत."

"अरे बाप! म्हणजे त्या मेट्रननं माझं..."

"ऐका सगळे," दिपमाला पायरीवर उभी राहून म्हणाली. "सोमवारपासून मी जळीत कक्षात आहे. मी कोणाचा नंबर लावणार नाही. कोणाचा डोळा दाखवून देणार नाही. मंगळवारी डबा खाणार नाही. आणि ज्याला मला दवाखान्यात येऊन भेटायचंच असेल, त्याने भाजून यायचं."

"तिन्हीसांजेला हे काय बोलणं, मेले!" आत्या ओरडली, पण दिपमाला आत गेली होती.

बाहेर सगळे एकदम बोलायला लागले. प्रेमराजभाऊंना चिठ्ठीत वेलांटी चुकली असं वाटत होतं. तोताराम म्हणत होता, कोणीतरी दुसरी, मोठी चिठ्ठी लावली, त्याशिवाय असं होत नाही. कोणाची असंल? कोणाची चालली?

पितांबर पायरीवर बसला आणि टोपी गुडघ्यावर ठेवली.

"मोठी चिठ्ठी मीच लावली होती," तो म्हणाला. "माणकचंद शेठजीची. नाही चालली. त्याच्यापायी पोरीचं जाता जाता राहिलं. तिनं तोंडानं मागितलं, तवा भेटलं."

गल्लीने पितांबरला एका दमात इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. आत दिपमालाने ते ऐकलं. तिचा राग गेला नाही. तो जायला अजून काही दिवस लागणार होते, आणि घाई तिलाही नव्हती. तिने सोमवारचा ड्रेस काढला, इस्त्री लावली, आणि बाहेर बघून ओरडली, "आबा, आत या. जेवायला वाढतेय. एकटेच या."